कूल पापा बेल : नोंदवहीबाहेर राहिलेला वेग

अमेरिकी बेसबॉलमध्ये सर्वांत वेगाने धावणारा खेळाडू कोण, हा वाद निघाला की एक नाव हमखास पुढे येते. ते म्हणजे जेम्स थॉमस बेल ऊर्फ ‘कूल पापा’ बेल. १९२२ ते १९४६ अशी जवळपास पंचवीस वर्षे ते वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळले. त्यांतील बहुतेक काळ त्यांनी मैदानाचा मध्यभागी असलेला दूरचा पट्टा, म्हणजे ‘सेंटर फील्ड’, सांभाळला. मात्र त्या काळी ‘मेजर लीग’ म्हणून मान्यता असलेल्या स्पर्धांत त्यांना एकही सामना खेळता आला नाही. त्यांच्या कातडीचा रंग काळा होता, एवढेच त्याचे कारण.

वर्णभेदाने संधी हिरावली, हे अशा खेळाडूंबद्दल नेहमीच सांगितले जाते. बेल यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिरावली गेली. ती म्हणजे नोंद. बेसबॉल हा आकड्यांवर जगणारा खेळ आहे. अशा खेळात एका थोर खेळाडूची कारकीर्द आकड्यांऐवजी गोष्टींच्या रूपाने उरावी, हे त्या व्यवस्थेचे फारसे चर्चिले न गेलेले फळ होय.

खेळाची ओळख

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला बेलचे महत्त्व समजण्यासाठी दोन-तीन गोष्टी पुरेशा आहेत. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ‘बेस’ असतात. दोन बेसमधील अंतर ९० फूट. फलंदाजाने ‘होम’पासून निघून तिन्ही बेसना स्पर्श करीत पुन्हा होमला पोचायचे, तेव्हा एक धाव होते. पिचर पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकत असतानाच बेसवरील खेळाडूने पळत जाऊन पुढचा बेस गाठला, तर त्याला ‘बेस चोरणे’ म्हणतात. चौकोनाच्या पलीकडे, सीमारेषेच्या बाजूला उभे राहणारे तीन क्षेत्ररक्षक म्हणजे ‘आउटफिल्डर’. त्यांतील मधल्याला सर्वांत अधिक जागा राखावी लागते. बेस चोरणे आणि मधले क्षेत्र राखणे, ही दोन्ही कामे पायांची. बेल दोन्हींत निष्णात होते.

अलिखित रेषा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या संघांतून खेळत असत. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हे टोलेडो संघाचे कॅचर होते आणि तो संघ त्या वेळच्या एका प्रमुख स्पर्धेत होता. १८८७ मध्ये ‘इंटरनॅशनल लीग’च्या संघमालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचे ठरविले. पुढे हीच रीत सर्वत्र रुजली. मेजर लीगच्या नियमपुस्तकात अशा बंदीचे कलम नव्हते. मालकांमधील तो एक मूक समझोता होता आणि १९४६ पर्यंत तो काटेकोरपणे पाळला गेला.

या बंद दाराबाहेर कृष्णवर्णीयांनी स्वतःची स्पर्धा उभारली. फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. फॉस्टर स्वतः नामवंत पिचर होते आणि शिकागोच्या ‘अमेरिकन जायंट्स’ संघाचे सर्वेसर्वा होते. ‘निग्रो’ हा शब्द आज वापरातून गेला असला, तरी त्या स्पर्धांचे ते ऐतिहासिक नाव असल्याने कायम राहिले आहे.

सेंट लुईसचे दोन संघ

बेल यांचा जन्म १७ मे १९०३ रोजी मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल येथे झाला. दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी कामाच्या शोधात उत्तरेकडे निघाली होती. किशोरवयीन बेलही १९२० मध्ये थोरल्या भावांपाठोपाठ सेंट लुईसला आले. दिवसा मांस डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम आणि सुटीच्या दिवशी ‘कॉम्प्टन हिल कब्ज’ या हौशी संघातून खेळ, असा त्यांचा क्रम होता. १९२२ मध्ये ‘सेंट लुईस स्टार्स’ या व्यावसायिक संघाने त्यांना डावखुरा पिचर म्हणून घेतले. पगार महिना ९० डॉलर.

टोपणनाव मिळाले ते याच संघात. त्या काळचे दरारा असलेले फलंदाज ऑस्कर चार्ल्स्टन यांना या कोवळ्या पिचरने न डगमगता बाद केले, म्हणून सहकारी त्यांना ‘कूल’ म्हणू लागले. एवढ्या तरुणाला हे नाव थोडे तोकडे वाटते म्हणून व्यवस्थापक बिल गेटवुड यांनी त्याला ‘पापा’ जोडले, असे सांगितले जाते. बेल यांचे पाय त्यांच्या हातापेक्षा मौल्यवान आहेत हे गेटवुड यांनी ओळखले. त्यांच्याच आग्रहाने बेल पिचिंग सोडून सेंटर फील्डला गेले आणि दोन्ही हातांनी फलंदाजी करण्यास शिकले. डाव्या बाजूने फलंदाजी करणारा पहिल्या बेसच्या दोन पावले अधिक जवळ असतो. बेल यांच्यासारख्याला तेवढे पुरेसे होते.

विली वेल्स आणि म्यूल सटल्स यांच्यासह स्टार्सने १९२८, १९३० व १९३१ अशी तीन विजेतेपदे मिळविली. आता त्याच शहराची दुसरी बाजू पाहावी. सेंट लुईसचाच गोऱ्यांचा संघ ‘कार्डिनल्स’ १९२८, १९३० व १९३१ या नेमक्या त्याच तीन वर्षी ‘नॅशनल लीग’चा विजेता ठरला. एका शहरात, एकाच मोसमात दोन विजेते संघ नांदत होते. ते लीगमध्ये एकमेकांसमोर कधीच आले नाहीत, कारण त्यांच्या लीगच वेगळ्या होत्या. कार्डिनल्सचे सामने ज्या ‘स्पोर्ट्समन्स पार्क’वर होत, तेथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मुख्य सज्जात बसण्यासही मज्जाव होता. ही बंदी १९४४ साली उठली. म्हणजे बेल यांना आपल्याच शहरातील त्या मैदानावर खेळणे तर दूरच, तिकीट काढून हव्या त्या जागी बसणेही शक्य नव्हते.

बस, डबा आणि दोनशे सामने

महामंदीच्या तडाख्यात १९३१ च्या मोसमानंतर निग्रो नॅशनल लीग कोसळली आणि स्टार्स संघही मोडला. बेल यांनी १९३२ मध्ये एकाच वर्षात तीन संघांतून खेळ केला. १९३३ मध्ये ते ‘पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स’ या संघात स्थिरावले. मालक गस ग्रीनली यांचा पैसा आकडा लावण्याच्या बेकायदा धंद्यातून आलेला होता. बँका आणि गोरे भांडवलदार ज्यांच्याकडे पाहत नसत, त्या समाजात संघ चालविण्याइतकी रोकड अनेकदा अशाच लोकांकडे असे. ग्रीनली यांनी सॅचेल पेज, जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्स्टन, ज्युडी जॉन्सन आणि बेल यांना एका संघात आणले. हे पाचही जण पुढे बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले.

या खेळाडूंचे आयुष्य मात्र बसमध्ये जाई. लीगचे सामने थोडे. उत्पन्नाचा मोठा भाग गावोगावी होणाऱ्या प्रदर्शनीय लढतींतून येई. वर्षाकाठी दीडशे-दोनशे सामने, कधी एका दिवसात दोन-तीन. अनेक गावांत त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत बसू दिले जात नसे. मग बसमध्येच झोपायचे, सोबत आणलेले खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे.

एका धावेचा सामना

बेल यांच्या खेळाचे मर्म ज्या सामन्यात नि:संशय दिसते, तो १९३४ चा ‘ईस्ट-वेस्ट’ सामना होय. कृष्णवर्णीय खेळाडूंचा हा वार्षिक महासामना शिकागोच्या कोमिस्की पार्कवर होत असे. १९३४ मध्ये आठव्या डावापर्यंत एकही धाव झाली नव्हती. बेल यांना पिचरकडून चार वाईट चेंडू मिळाल्याने पहिला बेस फुकट लाभला. त्यांनी दुसरा बेस चोरला. त्यानंतर जड विल्सन यांच्या बेताच्या फटक्यावर ते थेट होमला पोचले. पूर्व विभागाने सामना १–० असा जिंकला. त्या एकमेव धावेत बेल यांच्या बॅटचा वाटा शून्य होता; ती सारी पायांची व नजरेची कमाई होती.

मेजर लीगमध्ये त्या काळी बेब रूथ यांच्या प्रभावाने उत्तुंग फटक्यांना महत्त्व आले होते. निग्रो लीगमधील खेळ मात्र धूर्तपणावर, बंटवर (चेंडू हलकेच थोपवून जवळ पाडण्यावर) आणि बेस चोरण्यावर उभा होता. १९४७ नंतर जॅकी रॉबिन्सन यांनी मेजर लीगमध्ये बेसवरील ज्या धीट धावण्याने खळबळ उडविली, ती शैली या परंपरेतून आलेली होती. बेल तिचे सर्वांत मोठे आचार्य होते.

सीमेपलीकडचा सन्मान

क्यूबातील हिवाळी स्पर्धेत बेल यांनी १ जानेवारी १९२९ रोजी सिएनफ्युगोस येथे एकाच सामन्यात तीन होमरन काढल्या. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचे हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या नावाने खेळणाऱ्या संघासाठी पेज, गिब्सन व बेल यांना मोठी रक्कम देऊन नेण्यात आले. मैदानाभोवती सशस्त्र सैनिक आणि हरल्यास काय होईल ही धास्ती, अशा वातावरणात त्या संघाने स्पर्धा जिंकली.

१९३८ ते १९४१ ही चार वर्षे बेल मेक्सिकोत खेळले. तेथे त्यांना हव्या त्या हॉटेलात उतरता येई, हव्या त्या टेबलावर जेवता येई. पगारही मायदेशापेक्षा चांगला होता. १९४० च्या मोसमात त्यांनी ०.४३७ ची सरासरी, १२ होमरन आणि सहकाऱ्यांना घरी आणून मिळविलेल्या ७९ धावा, या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. बेसबॉलमध्ये ०.३०० ची सरासरी उत्तम समजली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची थोरवी कळते. याला ‘ट्रिपल क्राऊन’ म्हणतात. बेल त्या वेळी ३७ वर्षांचे होते. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत नेटकी नोंद झालेला हा पराक्रम परदेशात घडावा, यातच बरेच काही आले.

दंतकथा का जन्मल्या?

बेल यांच्याविषयीच्या गोष्टी अमेरिकेत लोककथेसारख्या सांगितल्या जातात. त्यांचे प्रमुख कर्ते सॅचेल पेज. बेल दिव्याचे बटण दाबून खोलीत अंधार होण्याआधी अंथरुणात शिरत, ही त्यांतली सर्वांत गाजलेली. दुसऱ्या गोष्टीत बेल यांनी मारलेला चेंडू पेज यांच्या कानाजवळून गेला आणि दुसऱ्या बेसकडे घसरत जाणाऱ्या बेल यांनाच लागला. दिव्याच्या गोष्टीमागचे गुपित बेल यांनी नंतर हसत सांगितले. हॉटेलच्या खोलीतील बटण बिघडलेले होते आणि दिवा विझायला वेळ लागत असे. ते आधी लक्षात आल्याने त्यांनी पेज यांच्याशी पैज लावली आणि जिंकली.

चारही बेसची फेरी ते बारा सेकंदांत पूर्ण करीत, असाही दावा केला जातो. ही फेरी ३६० फुटांची, म्हणजे १२० यार्ड, सुमारे ११० मीटर. १९३० मध्ये शंभर यार्डांचा विश्वविक्रम ९.४ सेकंदांचा होता. त्या गतीने सरळ रेषेत १२० यार्ड धावायलाही सव्वाअकरा सेकंदांहून अधिक लागतील. बेसबॉलच्या फेरीत वळणे असतात. तेव्हा हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. १९३३ मध्ये सुमारे दोनशे सामन्यांत आपण १७५ बेस चोरले, असे बेल सांगत. त्याची पडताळणी करता येत नाही, कारण त्यांतील बहुसंख्य सामने लीगबाहेरचे होते.

मुद्दा त्या गोष्टी खऱ्या की खोट्या, एवढाच नाही. मेजर लीगच्या प्रत्येक सामन्याला अधिकृत गुणलेखक असे आणि दुसऱ्या दिवशी देशभरची वृत्तपत्रे तपशील छापत. निग्रो लीगमध्ये गुणपत्रक नीट लिहिले जाईलच, लिहिले तर जपले जाईलच, याची खात्री नव्हती. ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी हा इतिहास बराचसा वाचविला. पण त्यांची साधने तुटपुंजी होती. बेस चोरल्याची नोंद तर अनेक गुणपत्रकांत नसेच. ज्या गोष्टीत बेल अद्वितीय होते, नेमकी तीच लिहिली जात नव्हती. अशा वेळी ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापाशी सांगण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. सांगताना गोष्ट वाढत गेली.

सोडून दिलेला क्रमांक

१९४२ मध्ये मायदेशी परतल्यावर बेल १९४३ पासून ‘होमस्टेड ग्रेज’ संघात गेले. गिब्सन आणि बक लेनर्ड यांच्या जोडीने या संघाने १९४३ व १९४४ मध्ये निग्रो लीगची ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली. १९४५ मध्ये ‘कॅन्सस सिटी मोनार्क्स’मध्ये जॅकी रॉबिन्सन हे नवे खेळाडू आले होते. ते शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या जागी खेळत. त्या जागेसाठी त्यांची फेक पुरेशी नाही हे पटविण्यासाठी आपण मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला चेंडू मारून पहिला बेस गाठला, असे बेल यांनी आठवणींत सांगितले आहे. रॉबिन्सन मेजर लीगमध्ये गेले ते इतर जागी खेळण्यासाठी.

१९४६ च्या मोसमाअखेर सरासरीच्या अग्रस्थानासाठी बेल आणि न्यूअर्क ईगल्सचे मॉन्टी अर्विन यांच्यात चुरस होती. एव्हाना ब्रुकलिन डॉजर्सने रॉबिन्सन यांना करारबद्ध केले होते. गोऱ्या संघांचे निरीक्षक आता तरुण कृष्णवर्णीय खेळाडूंकडे पाहू लागले होते. बेल ४३ वर्षांचे होते. अर्विन २७ वर्षांचे. हा मान आपल्या काही कामाचा नाही, अर्विनना मात्र त्याचा उपयोग होईल, असा विचार करून बेल अखेरच्या टप्प्यात खेळायचे थांबले आणि क्रमांकावरील हक्क सोडला, असे ते सांगत. अर्विन १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. आयुष्यभर ज्याची नोंद नीट झाली नाही, त्या माणसाने हाताशी आलेली एक नोंद दुसऱ्यासाठी सोडावी, याहून बोलकी घटना त्यांच्या चरित्रात नाही.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनसाठी मैदानात उतरले आणि रेषा पुसली गेली. बेल यांच्यासाठी तोवर उशीर झाला होता. १९४८ च्या शरद ऋतूत लॉस एंजेलिस येथे मेजर लीगच्या खेळाडूंविरुद्धच्या एका प्रदर्शनीय सामन्यात ४५ वर्षांच्या बेल यांनी आपली कला पुन्हा दाखविली. ते पहिल्या बेसवर असताना पेज यांनी चेंडू बंट केला. तो अडविण्यासाठी क्षेत्ररक्षक पुढे धावले आणि तिसरा बेस उघडा पडला. तो राखायला कॅचर रॉय पार्टी होम सोडून निघाले. बेल न थांबता त्यांच्या बाजूने गेले व मोकळ्या होमवर पोचले. एका बंटवर पहिल्या बेसवरून थेट धाव, हे बेसबॉलमध्ये सहसा घडत नाही.

१९४८ ते १९५० या काळात त्यांनी मोनार्क्सच्या दुय्यम संघाचे नेतृत्व केले. पुढे शिकागो कब्जसाठी ५१२ होमरन काढणाऱ्या अर्नी बँक्स यांना मोनार्क्सपर्यंत पोचविण्यात त्यांचा वाटा होता. १९५१ मध्ये ‘सेंट लुईस ब्राउन्स’ने बेल यांनाच मेजर लीगमध्ये खेळण्याची तयारी दाखविली. वय ४८ चे होते. त्यांनी नकार दिला. त्यानंतर सुमारे दोन दशके त्यांनी सेंट लुईसच्या नगरभवनात सफाई कामगार आणि रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून नोकरी केली.

कूपर्सटाऊन आणि नंतर

१९६६ मध्ये टेड विल्यम्स यांनी हॉल ऑफ फेमच्या व्यासपीठावरून निग्रो लीगच्या थोर खेळाडूंनाही येथे जागा मिळावी, असे जाहीरपणे म्हटले. १९७१ मध्ये खास समितीने पहिली निवड पेज यांची केली. त्यांना वेगळ्या दालनात ठेवण्याचा आधीचा विचार जनमताच्या रेट्यामुळे सोडून द्यावा लागला. १९७४ मध्ये बेल यांची पाळी आली. त्यांच्यासोबत त्या वर्षी मिकी मँटल व व्हायटी फोर्ड यांचा समावेश झाला. आणखी एक नाव होते दिवंगत जिम बॉटमली यांचे. बॉटमली कार्डिनल्सकडे १९२२ मध्येच आले आणि १९३२ पर्यंत राहिले. दहा वर्षे एकाच शहरात स्वतंत्र मैदानांवर खेळलेले दोन खेळाडू पन्नास वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊनच्या एका भिंतीवर शेजारी आले.

७ मार्च १९९१ रोजी सेंट लुईस येथे बेल यांचे निधन झाले. त्या शहरात एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत सामील केले. संशोधकांनी जुन्या साप्ताहिकांतून वेचलेल्या गुणपत्रकांवर ही नोंद आधारलेली आहे. तीनुसार बेल यांची सरासरी ०.३२० च्या वर जाते. चोरलेल्या बेसची संख्या मात्र तीनशेच्या आतच राहते. ज्यांनी त्यांना धावताना पाहिले, त्यांना ही संख्या हास्यास्पद वाटली असती. तरीही ती मोलाची आहे. सापडले तेवढे तरी आता लिहिले गेले आहे आणि न सापडलेले किती असेल याची कल्पना त्यावरूनच येते.

सेंट लुईसच्या बुश स्टेडियमबाहेर थोर खेळाडूंचे पुतळे आहेत. त्यांत बहुतेक कार्डिनल्सचे. त्यांच्यातच धावत्या पवित्र्यातील बेल यांचा पुतळा उभा आहे. या संघासाठी ते कधी खेळले नाहीत; खेळू शकलेही नाहीत. कार्डिनल्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५४ मध्ये, बेल यांनी बूट उतरविल्यानंतर.